पांढराशुभ्र ढग म्हणजे धो धो पाऊस नव्हे

दर पावसाळ्यात ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर उपग्रहाचं चित्र फिरतं: ‘जितका ढग पांढरा, तितका पाऊस जास्त.’ हे चूक आहे. इन्सॅट-३डीआर हा आपला हवामान उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवरून ढगाच्या माथ्याचं तापमान टिपतो. अवरक्त (म्हणजे उष्णतेच्या किरणांवरून काढलेल्या) चित्रात पांढरा म्हणजे थंड, आणि थंड म्हणजे उंच. तापमानावरून उंचीचा अंदाज काढतात, एवढंच. त्यामुळे १० किलोमीटरवरचा, थेंबही न देणारा दाट तंतुमेघ (बर्फकणांचा उंचावरचा ढग) पांढरा दिसतो, आणि येऊरच्या डोंगराला टेकून घोडबंदर भिजवणारा बुटका ढग मात्र राखाडी! ढगाचा तळ जमिनीवरचा सीलोमीटर मोजतो. त्याचा लेसर १ किलोमीटरवरच्या तळावरून जेमतेम ७ मायक्रोसेकंदांत परततो. मुलांना शाळेत पाठवण्याआधी कृपया रडारचं चित्र बघा. पावसाच्या थेंबांचा वेध रडार घेतं.