सपोर्ट ग्रुप आणि स्किल्स ट्रेनिंग, दोन्ही एकच नाही बरं का

ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालं की ऑपरेशन कधी, केमो किती, रेडिएशन लागणार का हे सगळं पटापट ठरतं, पण मनाचं काय असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, एखादा सपोर्ट ग्रुप जॉइन करा. सल्ला चांगलाच आहे. फक्त मग कुणी स्ट्रेस मॅनेजमेंटच्या स्किल्स ट्रेनिंगबद्दल सांगितलं तर बाईला वाटतं, अगं मी ग्रुपला जाते की, तेच असणार. तेच नसतं.

ग्रुपमध्ये बाई जाते ती मोकळं व्हायला. मरणाची भीती, ऑपरेशननंतर आरशात बघवत नाही, नवऱ्याने जवळ घेतलं तरी अंग आखडतं, हे घरी कुणापुढे काढणार? तिथे समोरची त्यातूनच गेलेली असते त्यामुळे अर्धं वाक्य बोललं तरी तिला कळतं.

इथे एक गैरसमज मात्र काढून टाकूया. १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी कॅन्सर पसरलेल्या ८६ बायकांचा अभ्यास छापला, त्यात ग्रुपला जाणाऱ्या सरासरी जवळपास दुप्पट जगल्या आणि तेव्हापासून ग्रुपने आयुष्य वाढतं असं लोक धरून चालले. २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर तसाच मोठा अभ्यास झाला, त्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, पण मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या, त्यातही ज्यांना आधीपासून जास्त त्रास होता त्यांना जास्त फायदा. म्हणून ग्रुपला जमलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका, प्लीज.

स्किल्स ट्रेनिंग म्हणजे शिकवणी. मायामी युनिव्हर्सिटीच्या मायकल अँटोनी यांचा प्रोग्राम यातला नावाजलेला, ऑपरेशन झालेल्या सुरुवातीच्या स्टेजच्या बायकांसाठी, १० आठवडे दर आठवड्याला एक सेशन आणि घरी करायला होमवर्क. तोही ग्रुपमध्येच घेतात, गोंधळ होतो तो इथेच. पण तिथे एकेक स्नायू आवळून सैल सोडायला शिकवतात (काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला जोर लावू नका, आधी फिजिओला विचारा), राग कसा बोलून दाखवायचा, मदत नेमकी कशी मागायची, म्हणजे "काही लागलं तर सांगेन" असं नाही तर "मंगळवारी केमोला तू सोबत ये" असं.

आणि विचार पकडणं, मला वाटतं सगळ्यात कामाचं हेच. रात्री २ वाजता पाठ दुखते आणि डोक्यात येतं, कॅन्सर पसरला. हा विचार ढकलून द्यायचा नाही, कागदावर लिहायचा, खाली लिहायचं की मला नक्की माहीत काय आहे, पाठ दुखायला दुसरं कारण असू शकतं का आणि दुखणं राहिलंच तर डॉक्टरांना कधी फोन करायचा. भीती पूर्ण जात नाही, पण आता काय करायचं ते हातात येतं. त्या वेळी ग्रुप जवळ नसतो ना.

उलटंही होतं. निदान होऊन चारच दिवस झालेत, बाईला फक्त रडायचंय आणि तिच्या हातात वर्कशीट देतात. आणि "पॉझिटिव्ह राहा" हे तर दोन्हीत बसत नाही, त्याने ती बिचारी बोलायचीच थांबते.

ओळखायचं कसं? जाण्याआधी विचारा, सेशन किती, दर वेळी काय शिकवणार, घरी सराव करायला देता का. ग्रुपच्या शेवटी पाच मिनिटं श्वासाचा व्यायाम घेतला म्हणजे ते ट्रेनिंग होत नाही.

त्रास ० ते १० मध्ये किती असं विचारायची एक साधी पट्टी असते, ४ किंवा वर आकडा आला तर हॉस्पिटलमध्ये तो सांगाच. जगावंसं वाटत नसेल तर दोन्हीची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी सायकियाट्रिस्टला गाठा किंवा इमर्जन्सीत जा.

ट्रेनिंग बऱ्याच जणींना लागतं ते ट्रीटमेंट संपल्यावर. घरचे म्हणतात झालं ना आता, हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी होतात आणि नेमकी तेव्हाच परत येईल का ही भीती वर येते, प्रत्येक चेकअपच्या आधी तर हमखास. त्यामुळे शेवटच्या रेडिएशनच्या दिवशी फॉलोअपची तारीख घ्याल तेव्हाच याचीही चौकशी करून ठेवा.