ओडेसाची जोडी आणि झेंड्यांचा हिशेब

२००६ च्या तुरिन हिवाळी ऑलिम्पिकमध्ये युक्रेनच्या वाट्याला दोनच पदकं आली, दोन्ही कांस्य. एक बायथलॉनमध्ये लिलिया येफ्रेमोवाचं, दुसरं फिगर स्केटिंगमधल्या आइस डान्सिंग या, बर्फावर जोडीने नाचायच्या, प्रकारात येलेना ग्रुशिना आणि रुस्लान गोंचारोव या नवरा-बायकोचं. ती तेव्हा ३१ वर्षांची, तो ३३ चा. १९९८ ला नागानोत ही जोडी पंधरावी आली होती, २००२ ला सॉल्ट लेक सिटीत नववी. तिसऱ्या ऑलिम्पिकमध्ये पदक हाती लागलं. एवढी वर्षं का लागली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आइस डान्सिंग ऑलिम्पिकमध्ये आलं १९७६ साली. तेव्हापासून तुरिनपर्यंतच्या नऊ ऑलिम्पिकपैकी सात सुवर्णपदकं सोव्हिएत संघाच्या, तो फुटल्यावरच्या संयुक्त संघाच्या किंवा रशियाच्या जोड्यांनी नेली. या यशात युक्रेनचा वाटा किती, हे पदकतालिकेत दिसत नाही. १९९४ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन सुवर्णं जिंकणारे ओक्साना ग्रिश्चुक आणि येवगेनी प्लातोव दोघेही जन्माने ओडेसाचे. ओडेसा म्हणजे काळ्या समुद्रावरचं बंदर. लोक तिथे जातात ते समुद्रकिनाऱ्यासाठी. पण ग्रिश्चुक-प्लातोव सरावाला मॉस्कोत होते, आणि १९९१ मध्ये देश फुटला तेव्हा झेंडा रशियाचा घेतला. ज्या रिंकवर प्रशिक्षक, तोच देश, असा त्या काळचा साधा व्यवहार होता.

ग्रुशिना आणि गोंचारोव हेही ओडेसाचेच. पुढे सरावासाठी त्यांनी अमेरिका गाठली, पण खेळले मात्र शेवटपर्यंत युक्रेनकडूनच. त्याची किंमत होती. १९९४ मध्ये ओक्साना बायुलने लिलेहॅमर ऑलिम्पिकमध्ये युक्रेनसाठी फिगर स्केटिंगच्या महिला एकेरीचं सुवर्ण जिंकलं, तरी आइस डान्सिंगच्या पंचांपुढे युक्रेन या नावाला अजून वजन नव्हतं. आणि या खेळात नावाच्या वजनाला फार महत्त्व होतं.

सहापैकी गुण देण्याच्या जुन्या पद्धतीत जोड्यांचा क्रम जवळपास ठरलेला असे. पहिल्या सक्तीच्या, म्हणजे सगळ्यांना ठरवून दिलेल्या, नृत्यात जो नंबर लागला, तो शेवटपर्यंत सहसा हलत नसे. वरच्या जोड्या निवृत्त होतील तसं खालच्यांनी एकेक पायरी चढायचं. सरकारी खात्यातल्या सेवाज्येष्ठतेची यादीच जणू. मग २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत जोडी स्केटिंग या फिगर स्केटिंगच्या दुसऱ्या प्रकारातल्या निकालावरून वादळ उठलं. फ्रान्सच्या पंच बाईंवर दबाव आल्याचं समोर आलं आणि कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्ण द्यावं लागलं. त्या प्रकरणानंतर सहाची पद्धत गेली आणि प्रत्येक घटकाला वेगळे गुण देणारी पद्धत आली. या बदलाचा फायदा ग्रुशिना-गोंचारोव यांना झाला, असं माझं मत. २००५ मध्ये ते युरोपात दुसरे आणि मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत तिसरे आले.

तुरिनला दुसऱ्या फेरीतल्या लॅटिन नृत्यात उलथापालथ झाली. घरच्या प्रेक्षकांपुढे खेळणारी इटलीची बार्बरा फुसार-पोली अगदी शेवटच्या उचलीत, जोडीदाराने तिला उचललेलं असताना, पडली आणि नृत्य संपल्यावर आपल्या जोडीदाराकडे कितीतरी वेळ रोखून पाहत उभी राहिली. कॅनडाची मारी-फ्रान्स द्युब्रुई उचलीतून निसटून बर्फावर आदळली. त्या जोडीला माघार घ्यावी लागली. या पडझडीत ओडेसाची जोडी नीट उभी राहिली. अंतिम गुण: रशियाच्या नावका-कोस्तोमारोव यांना २००.६४, अमेरिकेच्या बेल्बिन-अगोस्तो यांना १९६.०६ आणि युक्रेनला १९५.८५. म्हणजे रौप्य हुकलं ०.२१ गुणांनी.

आता पदक जिंकणाऱ्या या जोड्यांतल्या तिघींची गावं पाहा. सुवर्ण जिंकणारी तात्याना नावका जन्माने युक्रेनची, द्निप्रोपेत्रोव्स्कची. ती आधी बेलारूसकडून खेळली, मग रशियाकडून. रौप्यविजेती टॅनिथ बेल्बिन कॅनडाची. जागतिक स्पर्धेत जोडीतल्या एकाचं नागरिकत्व पुरतं, ऑलिम्पिकला मात्र दोघांचं लागतं. म्हणून अमेरिकी काँग्रेसने खास तरतूद केली आणि खेळांच्या जेमतेम दीड महिना आधी बेल्बिन नागरिक झाली. आपल्या जन्मगावाच्या देशाकडून खेळणारी तिघींतली एकटी ग्रुशिना. २०२२ च्या बीजिंगपर्यंत स्वतंत्र युक्रेनला फिगर स्केटिंगमध्ये ऑलिम्पिकची दोनच पदकं होती: बायुलचं सुवर्ण आणि हे कांस्य.

त्या बीजिंगमध्ये युक्रेनकडून आइस डान्सिंगला उतरले होते खार्किवचे ओलेक्सांद्रा नझारोवा आणि मक्सिम निकितिन. स्पर्धा संपून चार दिवस होत नाहीत तोच रशियाने हल्ला केला आणि खार्किववर तोफगोळे पडू लागले. १ मार्चला आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना स्पर्धांतून बाहेर ठेवलं. मार्चअखेर फ्रान्समध्ये मोंपेलिएला जागतिक स्पर्धा झाली, तिथे ही जोडी पोहोचली. नृत्याचा पोशाख न घालता राष्ट्रीय संघाचे साधे कपडे घालून ते बर्फावर उतरले. संगीतही बदललं होतं. त्यात युक्रेनची गायिका जमाला हिचं, क्रिमियातल्या तातारांच्या हद्दपारीवरचं, ‘१९४४’ हे गाणं होतं. तो एक कार्यक्रम करून त्यांनी दुसऱ्या फेरीआधीच स्पर्धेतून माघार घेतली.

नावकाचा नवरा दिमित्री पेस्कोव. क्रेमलिनचा प्रवक्ता म्हणून त्या दिवसांत तो रोज बातम्यांत होता.