गार्ड पासिंग

ब्राझिलियन जिउ-जित्सू या मुख्यतः जमिनीवरील पकडींच्या युद्धकलेत खाली पाठीवर किंवा बसून लढणारा खेळाडू वरच्या प्रतिस्पर्ध्याला पायांनी अडवून धरतो, त्या स्थितीस ‘गार्ड’ म्हणतात. हा अडसर पार करून खालच्या खेळाडूच्या धडावर स्थिर ताबा मिळवण्याच्या क्रियेस गार्ड पासिंग असे नाव आहे. ज्यूदोच्या जमिनीवरील लढतीतही प्रतिस्पर्ध्याच्या पायांच्या विळख्यातून सुटल्याशिवाय पकड ग्राह्य धरली जात नाही. ज्यूदोपटू मित्सुयो माएदा यांच्याकडून ब्राझीलमध्ये पोहोचलेली ही विद्या ग्रेसी कुटुंबाने वाढवली आणि त्यात खालून लढण्याला विशेष महत्त्व आल्याने गार्ड पार करण्याचे तंत्रही तितकेच सूक्ष्म होत गेले.

गार्ड बंद असेल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने कमरेभोवती पाय गुंफून घोटे अडकवले असतील, तर प्रथम पाठ ताठ ठेवून किंवा उभे राहून ते सोडवावे लागतात. या टप्प्यावर एक हात पायांच्या आत आणि दुसरा बाहेर राहिला, तर ट्रँगल चोक (पायांच्या त्रिकोणात मान व एक हात आवळून गळा दाबणारी पकड) बसण्याचा धोका असतो. पुढचे मार्ग दोन प्रकारचे आहेत. टोरिआंडोमध्ये दोन्ही पाय बाजूला ढकलून वेगाने वळसा घातला जातो, तर नी कट (गुडघा प्रतिस्पर्ध्याच्या मांडीवरून सरकवणे), ओव्हर-अंडर (एक हात एका पायावरून व दुसरा हात दुसऱ्या पायाखालून घालणे) यांसारख्या पासमध्ये अंगाचा भार टाकून पायांची हालचालच गोठवली जाते. ब्राझीलचे जिउ-जित्सूपटू बर्नार्डो फारिया यांनी ओव्हर-अंडरच्या बळावर जागतिक स्तरावर यश मिळवले.

मार्ग कोणताही असो, खरी लढत कमरेच्या ताब्यासाठी असते. पाय ओलांडूनही खालच्या खेळाडूची कंबर मोकळी राहिली, तर तो कुशीवर वळून गुडघा पुन्हा मध्ये घालतो आणि सारे श्रम वाया जातात. म्हणूनच डोके व खांदा दाबून त्याला वळू न देणे हे वळसा घालण्याइतकेच महत्त्वाचे असते, किंबहुना नवशिक्यांचे पास बहुधा याच शेवटच्या टप्प्यावर फसतात. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांतही याची दखल आहे: गार्ड पासला 3 गुण मिळतात, परंतु पार केल्यानंतरची स्थिती 3 सेकंद टिकवावी लागते. प्रतिस्पर्धी त्याआधीच गुडघ्या-कोपरांवर पालथा वळला, तर हे गुण मिळत नाहीत.