खडू किंचाळतो, गिअरबॉक्स थरथरतो

“साहेब, जुनी गाडी आहे, गिअर ऑइलला हात लावू नका. नवं टाकलं की गिअर घसरतात.” माझ्या 17 वर्षांच्या ऑटोमॅटिक गाडीसाठी हा सल्ला मला दोन गॅरेजांत मिळाला. जुन्या तेलातल्या गाळामुळेच पकड टिकते, अशी त्यामागची समजूत. खरं तर अनेक जण गिअर घसरायला लागल्यावरच तेल बदलतात. गिअर पकडून ठेवणारी क्लच प्लेट आधीच झिजलेली असते, आळ येतो नव्या तेलावर.

हे तेल नुसतं वंगण नव्हे. इंजिनाची ताकद चाकांकडे नेताना टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भांड्यात, तेच फिरतं, त्याच्याच दाबाने क्लच प्लेटा आवळल्या जातात. पण खरी गंमत घर्षणात आहे. फळ्यावर खडू किंचाळतो कारण तो क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. स्थिर घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त, हे शाळेत शिकलोच. गिअर पडताना प्लेटांच्या वेगातला फरक शून्यावर येतो. नेमकं तेव्हाच घर्षण वाढलं की तोच खडूचा खेळ, आणि गाडी थरथरते. म्हणून तेलात लांब शेपटीचे रेणू घालतात. डोकं पोलादाला धरून बसतं, शेपट्या गालिच्याच्या लवेसारख्या उभ्या राहतात. प्लेटा जवळ आल्या की ही लव आड येते आणि घर्षणाला उसळू देत नाही. अमेरिकेत एकेकाळी हे काम स्पर्म व्हेलच्या तेलाकडून करून घेत. 1970 साली हा देवमासा तिथल्या संकटग्रस्त यादीत गेला आणि पर्याय शोधणं भाग पडलं.

उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने ही लव झडत जाते. तेव्हा ‘लाइफटाइम’ तेल, कधी बदलायलाच नको, असं म्हणणाऱ्याला विचारावं, आयुष्य कोणाचं?

घरी गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट काढून सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. दर वेळी निम्मं निघालं असं धरा, तर मध्ये गाडी चालवून तीनदा बदलल्यावर नवं तेल 87.5 टक्के होतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. माझ्या बोल्टला झिजलेलं लोखंड धरणारं चुंबक आहे, त्यावर काजळासारखा करडा लेप होता. तो चालतो, बोटाला टोचणारे तुकडे असते तर घाबरलो असतो.

निघालं तेवढं मोजून तेवढंच भरा. पातळी मात्र तेल गरम असताना बघा, कारण ते फुगतं. माझ्या गाडीत इंजिन बंद करून दीड मिनिटाच्या आत डिपस्टिक, म्हणजे पातळी बघायची पट्टी, काढायची, शेजाऱ्यांच्या गाडीत इंजिन चालू ठेवून. पुस्तिका काढून एकदा बघाच.