ब्लू रिज पार्कवेवरील दगडी पूल

अमेरिकेतील व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलायना राज्यांमधून जाणाऱ्या, सुमारे ७५५ किमी. लांबीच्या निसर्गदर्शनी डोंगरी रस्त्यावरील कमानी पूल व छेदमार्ग (दोन रस्ते एकमेकांना ओलांडतात त्या जागा). शेनान्डोआ आणि ग्रेट स्मोकी मौंटन्स या राष्ट्रीय उद्यानांना जोडणाऱ्या या रस्त्यावर मालमोटारींना मनाई आहे.

रस्त्याच्या मूळ कल्पनेचे श्रेय वादग्रस्त आहे. भूवैज्ञानिक जोसेफ हाइड प्रॅट यांनी १९१० च्या सुमारास याच डोंगरमाथ्यावरून रस्ता सुचवला होता. मात्र ती पथकर घेणारी योजना होती आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात बारगळली. तिला पूर्वरूप म्हणावे, उगम म्हणू नये. महामंदीत रोजगारनिर्मितीसाठी १९३३ मध्ये मंजूर झालेल्या योजनेपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक. प्रत्यक्ष काम ११ सप्टेंबर १९३५ रोजी सुरू झाले. भूदृश्य-वास्तुविशारद स्टॅन्ली ॲबट यांनी मार्गाला रूप दिले.

या पुलांना ‘दगडी’ म्हणणे अर्धेच खरे आहे. बहुतेकांत भार प्रबलित (आत पोलादी गज घातलेले) काँक्रीट पेलते. घडीव दगड हे दर्शनी अस्तर. दरजांतून ओघळलेले चुन्याचे पांढरे पट्टे आतल्या काँक्रीटची चुगली करतात. तरी गवंडीकाम वरवरचे नव्हे. खालचा रस्ता तिरपा छेदत असेल, तर कमानही तिरपी घ्यावी लागते. मग कमानीच्या दगडांची तोंडे सरळ काटकोनात घडवून चालत नाही. रचनेत मोठे दगड खाली घेत, उभ्या दरजा सलग येऊ देत नसत. हे काम इटालियन व स्पॅनिश गवंड्यांचे, असे सरसकट सांगितले जाते; काही पुलांपुरते ते मान्य करता येईल. लिनव्हिल नदीवरील तीन कमानींचा पूल या शैलीचा ठळक नमुना होय.

मोठे हमरस्ते पार्कवेच्या वरून वा खालून नेले आहेत. गावरस्त्यांच्या काही ठिकाणी समपातळीवरील छेद राहिले.

दुसऱ्या महायुद्धात काम थांबले. पुढे ग्रँडफादर मौंटनजवळचा तुकडा मार्गाच्या वादामुळे रखडला व १९८७ मध्ये खुला झाला. तेथील लिन कोव्ह पूल दगडी नाही. सुमारे ३७९ मी. लांबीचा हा पूल १५३ पूर्वरचित (आधीच ओतून तयार केलेल्या) काँक्रीट खंडांचा असून त्यांपैकी एकच सरळ आहे. शेजारच्या कातळाशी रंग जुळावा म्हणून काँक्रीटमध्ये लोह ऑक्साइड मिसळले आहे.