पायपेटी आणि ऑर्गन एकच का? दोन नावांचा घोळ

संगीत नाटकाचा विषय निघाला की "पायपेटी म्हणजेच ऑर्गन" असं बरेच जण धरून चालतात, आणि त्यांना दोष तरी काय द्यायचा, दोन्हीला पायाने हवा मारावी लागते, दोन्हीत पितळी रीड्स, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पातळ जिभा असतात, दोन्हीला पाच सप्तकांचा कीबोर्ड आणि वर ओढायच्या खुंट्या, म्हणजे स्टॉप. बंद करून ठेवली तर दोन्ही फर्निचरच वाटतात. पण आत हवेचं काम अगदी उलट चालतं आणि नावांची कुळंही वेगळी आहेत.

आधी पायपेटी. हिचं खरं नाव हार्मोनियम, आणि हे नाव आपोआप रुळलेलं नाही, एका माणसाने ठरवून ठेवलेलं आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ या कारागिराने 1840 च्या दशकाच्या सुरवातीला आपल्या वाद्याचं पेटंट घेतलं आणि त्याला हे नाव दिलं. रीडवर चालणारी कीबोर्डची वाद्यं त्याच्या आधीही होती, व्हिएन्नात फिसहार्मोनिका होतं, फ्रान्समध्येच ग्रेनियेचं 'ऑर्ग एक्स्प्रेसिफ' होतं, त्यामुळे देबँने शून्यातून काही काढलं असं नाही. पण नावावर त्याचा हक्क, मग बाकीच्यांनी काय करायचं? अलेक्झांद्र नावाच्याच दुसऱ्या एका पॅरिसच्या कंपनीने आपल्या मालाला 'मेलोडियम' म्हटलं. शेवटी जिंकलं हार्मोनियमच.

मूळ शब्द ग्रीक, हार्मोनिया, म्हणजे सांधा, जुळणी, सुतार दोन फळ्या बेमालूम बसवतो तशी. त्यावरून पुढे सुरांची जुळणी आणि पाश्चात्य संगीतातली हार्मनी. गंमत अशी की हे नाव आपल्याकडे ज्या संगीतात येऊन मुरलं त्यात हार्मनी नाहीच, एका वेळी एकच सूर, तरी पेटीवाल्याचं काही अडलं नाही.

आता ऑर्गन. ग्रीकमध्ये ऑर्गनॉन म्हणजे साधं हत्यार, अवजार. पुढे ते वाद्याला, आणि मग खास करून चर्चमधल्या पाइपवाल्या अवाढव्य वाद्याला चिकटलं. आपल्या नाटकातल्या ऑर्गनमध्ये पाइप नाही, असलाच तर समोर दिखाऊ. मग हे नाव आलं कुठून? तर अमेरिकेतून. तिथे आधी याच जातीच्या छोट्या वाद्याला मेलोडियन म्हणत (आयर्लंडमध्ये मेलोडियन म्हटलं की बटणांचा अकॉर्डियन समोर येतो, म्हणजे घोळ फक्त आपणच घालत नाही). 1854 साली बॉस्टनला सुरू झालेल्या मेसन अँड हॅमलिनने पुढे त्यालाच 'कॅबिनेट ऑर्गन' म्हणून विकायला सुरवात केली. घरात चर्चचा थाट, कोण नाही म्हणणार! व्हरमाँटमधल्या एस्टी कंपनीने एकट्याने पाच लाखांवर रीड ऑर्गन बनवले. इंग्लंडमध्ये यालाच 'अमेरिकन ऑर्गन' म्हणू लागले.

खरा फरक भात्यात आहे. हार्मोनियमचा भाता हवा दाबून रीडमधून बाहेर ढकलतो. ऑर्गनचा भाता आतली हवा काढून घेतो, मग पट्टी दाबली की बाहेरची हवा रीडमधून आत ओढली जाते. माउथ ऑर्गन फुंकूनही वाजतो आणि ओढूनही वाजतो ना, त्यातली एक तऱ्हा एकीने घेतली आणि दुसरी दुसऱ्याने. अमेरिकन रीडच्या जिभेला जरा पीळ देऊन बाक काढलेला असतो, त्यामुळे आवाज मऊ आणि गोलसर येतो. हार्मोनियम जास्त धारदार, पटकन बोलणारी. तिच्यात 'एक्स्प्रेशन' नावाचा स्टॉप असतो, तो ओढला की मधली हवेची साठवण बंद होते आणि पायाचा दाब थेट रीडवर जातो, म्हणजे पाय जरा चुकला की सूर लगेच हलतो. हे साधायला भारी कठीण. ऑर्गनमध्ये आवाज वाढवायला गुडघ्याने ढकलायचे दांडे असतात, पाय आपला एका लयीत चालू.

गायकाच्या मागे सलग मऊ पट्टा हवा असेल तर ऑर्गन का बसला हे इथेच कळतं. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर असायचे, जोडीला कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांचा तबला. माझं मत विचाराल तर नाट्यपदाखाली तो आवाज जसा पसरतो तसा पेटीचा पसरत नाही, पण तानेच्या मागे पळायला पेटीच बरी.

आणि मांडीसमोरची आपली हातपेटी? ती हार्मोनियमच्याच घराण्यातली, हवा ढकलणारी, म्हणून तिने ते नाव लावणं रास्त आहे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना तिचं श्रेय देतात, त्यांचं द्वारकिन हे दुकान 1875 चं. पाय सुटले, भाता मागे आला, एक हात त्यात अडकला, आणि जमिनीवर बसून वाजवता यायला लागलं.

कुठे जुनं वाद्य दिसलं तर आधी स्टॉप वाचा. गोलात 1, 2, 3, 4 असे आकडे आणि एक 'ई' (एक्स्प्रेशनचा) असेल तर फ्रेंच धाटणीची हार्मोनियम. डायपेसन, डल्सियाना, व्हॉक्स ह्युमाना अशी नावं आणि खाली गुडघ्याचे दांडे असतील तर अमेरिकन ऑर्गन. व्हॉक्स ह्युमाना ओढला की आत एक छोटी पंख्याची पाती फिरते आणि आवाज थरथरतो, निदान थरथरायला हवा. ऑर्गनच्या काही पट्ट्या मुक्या असतील तर लगेच नको म्हणू नका, हवा आत ओढताना धूळही रीडवर येऊन बसते, बारीक आकड्याने रीड बाहेर काढून ब्रशने झटकली की बरेचदा बोलायला लागते. भाता फाटका असेल तर मात्र आधी कारागिराला दाखवा आणि मग भावाचं बोला.