प्रवाळाच्या टाकीत आधी काय संपतं?

समुद्री मत्स्यालय ठेवणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: ‘कोरल वाढत नाही, कॅल्शियम कमी पडत असेल.’ मग कॅल्शियमच्या बाटल्या ओतल्या जातात आणि प्रवाळ होता तेवढाच राहतो. कमी पडतं ते बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी.

दगडी प्रवाळाचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यातलं कॅल्शियम समुद्राच्या पाण्यात मुबलक, लिटरमागे चारशे मिलिग्रॅमच्या वर. कार्बोनेटची बाजू मात्र तोकडी असते. प्राण्याचं मांस आणि सांगाडा यांच्यामध्ये केसाहून बारीक फट असते. तिथल्या पेशी ऊर्जा खर्चून कॅल्शियम आत ढकलतात आणि हायड्रोजन आयन बाहेर काढतात. फटीतला सामू त्यामुळे बाहेरच्या पाण्यापेक्षा वर चढतो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, ते कॅल्शियमला भेटतं आणि अ‍ॅरागोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचेच, स्फटिक जमतात. ऊर्जा पुरवतं ते प्रवाळाच्या पेशींत राहणारं शैवाल, म्हणून उजेडात हा सांगाडा अंधारापेक्षा साधारण तिप्पट वेगाने वाढतो. अ‍ॅक्रोपोराच्या (फांद्यांनी वाढणारा एक दगडी प्रवाळ) फांदीचं टोक पांढरं दिसलं की नवखे घाबरतात. पण तिथे वाढ इतकी जलद असते की शैवाल मागे पडतं. बाकीची फांदी रंगदार असेल तर ते निरोगीपणाचं लक्षण.

बाहेर काढलेले हायड्रोजन आयन टाकीतल्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल रिचवण्याची ताकद, खातात. ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेटची, म्हणजे कार्बोनेटच्याच बाजूची. इथला हिशेब मला फार आवडतो. कॅल्शियमच्या एका आयनमागे दोन हायड्रोजन आयन रिचवण्याइतकी अल्कलिनिटी जाते. टाकीची अल्कलिनिटी ८ डीकेएच (हे तिचं मोजमापाचं एकक) आणि कॅल्शियम ४२० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आहे असं धरा. अल्कलिनिटी ८ वरून ५.२ पर्यंत घसरली, म्हणजे प्रवाळ संकटात आला, तरी कॅल्शियम उतरतं फक्त ४०० वर. घरगुती किटवर हा फरक धड कळतही नाही. म्हणून मोजायची ती अल्कलिनिटी, आणि अ‍ॅक्रोपोरा असेल तर शक्यतो रोज, ठरलेल्या वेळी.

भरपाईचा उपाय शाळेत सगळ्यांनी पाहिलेला आहे: फुंकर मारली की दुधाळ होणारी चुन्याची निवळी. १९७० च्या दशकात मत्स्यालयतज्ज्ञ पीटर विल्केन्स यांनी ती मत्स्यालयात रूढ केली. चुन्यात एका कॅल्शियमबरोबर दोन हायड्रॉक्साइड असतात, म्हणजे प्रवाळ नेतो त्याच प्रमाणात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही परत मिळतात. शंभर लिटरच्या टाकीत लिटरभर पूर्ण संपृक्त निवळी गेली की अल्कलिनिटी सुमारे १.१ डीकेएच आणि कॅल्शियम ८ पीपीएम वाढतं. बाष्पीभवनाने गेलेलं पाणीच या निवळीने भरून काढायचं.

मधेच एक सांगायला हवं. मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं या दगडी प्रवाळांच्या गटातलं नाही. तो वेगळ्या कुळातल्या प्राण्याचा सांगाडा आहे. एका मेलेल्या प्राण्याच्या सांगाड्याने कुणाचं लग्न जमत नाही की मोडत नाही. आणि मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून दगडी प्रवाळ काढणं, विकणं, घरी ठेवणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. २००१ पासून हे सगळे प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ते योग्यच आहे. अमेरिका-युरोपातल्या आपल्या लोकांना टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे, म्हणजे फ्रॅग, सहज मिळतात. त्यांनी तेच घ्यावेत.

निवळीचा सामू १२ च्या वर असतो, त्यामुळे ती थेंबाथेंबाने, जोरात वाहत्या पाण्यात सोडायची, आणि तीही रात्री. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, सगळेच श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात, टाकीचा सामू उतरतो. दारं-खिडक्या बंद ठेवलेल्या घरात तो आणखी उतरतो, कारण माणसांच्या श्वासातला वायूही पाण्यातच मुरतो. चुना त्यालाही बांधून घेतो. चुना शुद्ध हवा, पानाच्या डबीतला नको. भांडं झाकलेलं ठेवा, नाहीतर वर कार्बोनेटची साय धरते आणि निवळी कमजोर होते. तळाचा गाळ टाकीत जाऊ देऊ नका.